शेजारची सीट

दुपारी एक वाजता लेकीने किल्ली फिरवली, तेव्हा तांबडी खर्र खर्र करून दमली आणि गप्प बसली. लेकीने पुन्हा फिरवली. तांबडीने पुन्हा तेवढंच उत्तर दिलं, फक्त जरा हळू आवाजात.

"ती अशी नाही सुरू व्हायची," पायरीवर बसून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळणारी आई म्हणाली. "मी बसल्याशिवाय ती सुरू होत नाही."

लेक गाडीतून उतरली आणि आईच्या शेजारी येऊन बसली. बाबांना जाऊन चार महिने झाले होते, आणि त्या चार महिन्यांत तिने या विषयावरची तीन पुस्तकं वाचली होती. मागे राहिलेलं माणूस असंच काहीबाही बोलतं, असं तिन्हींत लिहिलेलं होतं. त्याला खोडून काढू नये. जवळ बसावं, हात धरावा.

तिने आईचा हात धरला. "कळतंय मला, आई."

"काय कळतंय?"

"सगळं."

"मग बसू मी?"

"तू आराम कर जरा."

आईने आपला हात सोडवून घेतला आणि पुढची बशी उचलली.

तांबडी ही बाबांची गाडी. बुटकी, उघडी, दोनच सीटची. लेकीच्या जन्माआधी तिने घाटातल्या शर्यतीत तीनदा भाग घेतला होता आणि एकदा तिसरा नंबर काढला होता. दारावरचा अकरा आकडा अजून पुसट दिसे. बाबा तिच्या बोल्टलाही दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. "एका किल्लीत सुरू होते," असं ते आल्यागेल्याला सांगत, आणि लेकीनेही गिऱ्हाइकाला फोनवर तेच सांगून टाकलं होतं.

गिऱ्हाईक म्हणजे दातांचे एक डॉक्टर. त्यांना जुन्या गाड्यांचा नाद होता. "नुसती गाडी नकोय मला," ते म्हणाले होते, "इतिहास हवाय. पुरावा आहे ना?" पुराव्याची फाइल होती. प्रमाणपत्रं, एक फोटो, बाबांची वही. फोटो तर तिने त्यांना महिन्यापूर्वीच पाठवला होता. इतिहासाची काळजी नव्हती. घोडं अडलं होतं ते वर्तमानात.

कारण घर विकलं गेलं होतं. उद्या सकाळी दहा वाजता ते 'आवारासह रिकामं' करून द्यायचं होतं. आई लेकीकडे राहायला येणार होती, तिसऱ्या मजल्यावर, आणि लेकीच्या वाट्याच्या पार्किंगमध्ये स्कूटर लावली की माणसाला तिरकं होऊन उतरावं लागे. डॉक्टर चार वाजता येणार होते. त्यांनी नाही म्हटलं, तर उद्या सकाळी आठला भंगारवाला येणार होता. तो गाडी जागेवरच कापून उचलून नेणार होता. हे लेकीने आईला सांगितलं नव्हतं. न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून तिने भंगारवाल्याला फोन केला होता. "आवारात एकच गाडी आहे, चुकायचं काही कारण नाही. आईला काही विचारू नका. सरळ उचला." फोन ठेवल्यावर ती तशीच बादलीच्या काठावर बसून राहिली होती. बादली भरून वाहायला लागल्यावर उठली.

तर आता चारला तीन तास होते. तिने कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्रीने तांबडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. "साहेबांनी कधी हात लावू दिला नाही हिला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती आणि थोडा आनंदही. त्याने बॉनेट उघडलं, प्लग काढले, फुंकले, पुसले, बसवले. किल्ली फिरवली. खर्र खर्र.

"पेट्रोल?"

"टाकी भरलीय."

"बॅटरी?"

"सकाळीच चार्ज केली."

"मग सुरू व्हायला पाहिजे," मिस्त्री म्हणाला. पुढचे दोन तास तो हे वाक्य अधूनमधून म्हणत राहिला. तीन वाजता त्याच्या कोपरापर्यंत काळं झालं होतं. साडेतीनला त्याने एक नळी काढून तिच्यातून आकाशाकडे पाहिलं.

"मी बसू का?" आईने दारातून विचारलं.

"आई, प्लीज. आत्ता नको."

"बरं. मला काय, दुधाची भांडी बांधायचीच आहेत."

"ताई, ढकलून बघू," मिस्त्री शेवटी म्हणाला. "मी आत बसतो, तुम्ही मागून जोर लावा."

लेकीने मागून जोर लावला. तांबडी वीतभर हलली आणि विचार करत थांबली. तेवढ्यात फाटकातून एक लांबलचक पांढरी गाडी आत आली. डॉक्टर दहा मिनिटं आधीच आले होते. शेजारी त्यांची बायको होती, काच वर करून, समोर बघत.

आता सांगायचं काय? चप्पल तुटलेली, केस विस्कटलेले, आणि एका किल्लीत सुरू होणाऱ्या गाडीला आपण मागून खांदा लावलेला! लेकीने तोंड उघडलं, पण डॉक्टर तोवर उतरूनही आले होते. जुनी गाडी ढकलताना दिसली, की ती कुणाची वगैरे विचारण्याची त्यांना सवय नसावी. त्यांनी बाह्या सरसावल्या.

"कधीपासून त्रास आहे?" त्यांनी विचारलं.

"आजच," लेक म्हणाली.

"सगळे असंच सांगतात," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी जोर लावला.

डॉक्टर दिसायला किरकोळ होते, पण रोज लोकांच्या दाढा उपटून हातात ताकद आली असावी. तांबडी सुसाट सुटली. मिस्त्री आत "अरे अरे अरे" करत ब्रेक शोधू लागला. तो सापडेपर्यंत तांबडी आवारातला नळ बुंध्यापासून मोडून पुढे गेली होती. पाण्याचा फवारा उडाला, डॉक्टर भिजले, लेक भिजली. काय झालं म्हणून आई बाहेर धावली, तीही भिजली.

"अगंबाई!" आई म्हणाली. पुढे चिखल, मागे फवारा. कोरडी जागा एकच दिसत होती. तिने तांबडीचं दार उघडलं आणि ती मिस्त्रीशेजारी जाऊन बसली.

मिस्त्रीचा हात अजून सवयीने किल्ली फिरवत होता. खर्र, खर्र, आणि मग तांबडीने घसा खाकरला आणि असा आवाज काढला की शेजारच्या भिंतीवरचं मांजर उडी मारून पसार झालं.

"बघा!" मिस्त्री ओरडला. "प्लगच होते!"

"ढकलल्यामुळे," डॉक्टर म्हणाले. चष्म्यावरून पाणी निथळत असतानाही त्यांचा चेहरा उजळला होता.

चार महिने हा आवाज लेकीने ऐकला नव्हता. ती उगीचच मोडक्या नळाकडे बघत उभी राहिली.

"चला, चहा टाकते," म्हणत आई उतरली. तांबडी तीनदा खोकली आणि बंद पडली.

मिस्त्रीने किल्ली फिरवली. खर्र खर्र. आईने घराच्या पायरीवरून मागे वळून पाहिलं. "बसू?"

या वेळी लेकीने प्लीज म्हटलं नाही. आई आली, बसली. मिस्त्रीने किल्ली फिरवली. तांबडी गरजली.

लेकीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आई दुपारी एक वाजल्यापासून जे सांगत होती ते दुःख नव्हतं. ती माहिती होती.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "एक फेरी मारून आणतो. घाटापर्यंत."

"आईला घेऊन जा," लेक घाईने म्हणाली.

"मी कशाला? चहा..."

"आई. जा." लेकीने दार बाहेरून दाबून लावलं. "तिला फार हौस आहे हो. आणि रस्ताही माहितीय."

तांबडी फाटकातून बाहेर गेली. मिस्त्री पाण्याचा मुख्य कॉक शोधायला गेला. लेक फाटकापाशी उभी राहिली. दहा मिनिटं गेली, वीस गेली. आई कुठे उतरली तर? ओळखीचं कुणी दिसलं, फुलं दिसली, म्हातारी बाई दिसली, की गाडी थांबवून उतरायची तिची जुनी खोड. मधल्या वळणावर गाडी बंद, मागे ट्रक...

पांढऱ्या गाडीची काच दोन बोटं खाली आली.

"सुरू आहे का अजून?" डॉक्टरांच्या बायकोने विचारलं.

"असावी."

"घेणार मग ते." तिने निःश्वास सोडला. "आमच्या दारात तीन उभ्या आहेत. एकही चालत नाही. दर रविवारी हे त्यांच्याखाली झोपलेले असतात. नुसते पाय दिसतात. मी पायांशी बोलते."

"तुम्ही बसत नाही त्यांच्यात?"

"चालणारी असती तर बसले नसते का? मला कुणी विचारलंय कुठे?" काच पुन्हा वर गेली.

पाऊण तासाने तांबडी परतली. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक आणि आनंदी होता. आईचे केस चारी दिशांना उडालेले.

"यांनी मला ब्रेक लावू दिला नाही!" डॉक्टर इंजिन चालू ठेवूनच म्हणाले. "अहो, त्या फोटोत शेजारी कोण बसलंय, मी महिनाभर डोकं खाजवतोय. या बसल्यात!"

"नियमच होता, दोन माणसं हवीत म्हणून," आई म्हणाली. "ह्यांचा मित्र आयत्या वेळी घाबरला. मग काय, बसले. वळण आलं की मी अगंबाई म्हणायचे. मोठं वळण असलं की दोनदा."

"तिसरा नंबर अगंबाईवर आला!" डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. "कुठे सही करू?"

फाइल बॉनेटवर उघडी पडली. सही होताच उद्याचा सगळा घोर संपणार होता. भंगारवाला टळणार होता. लेकीने पेनाचं टोक कागदाकडे जाताना पाहिलं. दाबून लावलेलं दार तिला आठवलं, आणि बाबांचा चेहराही. बाबांनी या गाडीबद्दल कुणाला खोटं सांगितलं नव्हतं.

"डॉक्टर, थांबा. आई, तू जरा उतर."

आई उतरली. तांबडी तीनदा खोकली. आता आवारात फक्त मोडक्या नळाची टपटप ऐकू येत होती.

"आई बसली तरच ही चालते," लेक म्हणाली. "मला तुम्ही निघायच्या आधीच कळलं होतं. सांगायला हवं होतं."

मिस्त्रीने ताबडतोब शेजारच्या सीटखाली हात घातला, चाचपला आणि कपाळावर हात मारला. कपाळ काळं झालं. "पेट्रोल खेचणाऱ्या पंपाची वायर! इथे सुटलीय. माणूस बसलं की दबते आणि चिकटते. पाच मिनिटांचं काम, ताई. साहेबांच्या लक्षात कसं आलं नाही?"

डॉक्टरांनी फाइलमधली वही काढली आणि ते पानं उलटू लागले. लेकीने ती वही शर्यतींपर्यंत वाचली होती. पुढे नुसतं तेल आणि टायर, म्हणून सोडून दिली होती.

"लक्षात आलं होतं," डॉक्टर म्हणाले. "हे बघा. शर्यती संपल्या त्याच्या पुढच्या वर्षी." आणि त्यांनी वाचलं, "शेजारच्या सीटखालची वायर सैल. माणूस बसलं तरच पंप चालतो. दुरुस्त करू नये." त्यांनी खालची ओळही वाचली. "तेल बदलले."

आईने वही घेतली. चष्मा कुठल्या तरी खोक्यात बांधला गेला होता, म्हणून तिने ती हातभर लांब धरली. बराच वेळ धरली.

"दर रविवारी दूध गॅसवर असायचं माझं," ती म्हणाली. "मी म्हणायचे, तुम्ही एकटे जा ना. तर म्हणायचे, तू बसल्याशिवाय सुरू होत नाही, मी काय करू? गाडीचा दोष आहे." तिने वही मिटली आणि बॉनेटवर ठेवली. "मी थापा समजायचे. तरी बसायचे."

लेकीला एकाही पुस्तकातलं काही आठवलं नाही.

"जोडू का वायर?" मिस्त्रीने विचारलं.

"हात लावू नका," डॉक्टर म्हणाले. त्यांनी सही केली, चेक लेकीच्या हातात दिला, वही खिशात घातली, मग काढून आईला दिली. "याची झेरॉक्स द्या मला. सवडीने." मग ते पांढऱ्या गाडीपाशी गेले आणि काचेवर टकटक केली.

बोलणं ऐकू आलं नाही. डॉक्टर हातवारे करत होते. पाच बोटं दाखवत होते. अखेर दार उघडलं. त्यांची बायको चिखल चुकवत आली, तांबडीत बसली आणि तिने हाताची घडी घातली.

"पाच मिनिटं. मग मी उतरणार."

"उतर की," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

एका किल्लीत सुरू झाली. डॉक्टरांच्या बायकोची घडी सुटली आणि दोन्ही हातांनी तिने समोरची कड पकडली. तांबडी फाटकातून वळली. "अगंबाई!" असा आवाज रस्त्यावरून आला. थोड्या वेळाने लांबून दोनदा आला.

मिस्त्री साबण मागून घेऊन गेला. मायलेकी पायरीवर बसल्या. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, ऊन भिंतीवर चढलं. तांबडीच्या जागेवर तेलाचा एक डाग होता. बाकी आवार रिकामं होतं. म्हणजे, एवढं सोडलं तर. मधोमध पांढरी गाडी उभी होती. किल्ली डॉक्टरांच्या खिशात होती.

लेकीने फोन लावला. पांढऱ्या गाडीत घंटी वाजू लागली.

"येतील गं," आई म्हणाली. "ती काय आज लवकर उतरत नाही. उद्या दहाच्या आत नेतील गाडी."

"हो ना."

"पण आधी तू त्या भंगारवाल्याला फोन कर."

लेकीने चमकून आईकडे पाहिलं.

"नळ कितीही सोड, न्हाणीघराच्या झरोक्यातून सगळं स्वयंपाकघरात ऐकू येतं," आई पांढऱ्या गाडीकडे बघत म्हणाली. "एकच गाडी आहे, सरळ उचला, म्हणालीस त्याला. आठला येईल तो."