पायजम्याची नाडी आणि गवत कापायचं मशीन

"मला कुणी फसवून दाखवावं!" असं शंकासुर उठता-बसता म्हणायचे. आणि कुणी फसवायला पुढे आलं नाही, की कुठेतरी पाणी मुरतंय याची त्यांना खात्रीच पटायची.

शंकासुर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीत दावे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. दुकान जळालं की हे राख हुंगायला हजर! तिथल्या लोकांनी ठेवलेलं हे नाव त्यांच्याबरोबरच निवृत्त होऊन घरी आलं. बायको बाजाराला लवकर निघाली की "आज एवढ्या लवकर?" आणि उशिरा निघाली की "आज एवढ्या उशिरा?" दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. शंकासुरांचं तोंड कधीच पोळलं नव्हतं, तरी ते साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायचे.

इथवर ठीक होतं. पण घरात एकुलती एक लेक होती, आणि ती लग्नाची होती.

तिच्या पसंतीचा पहिला मुलगा घरी आला, तेव्हा शंकासुरांनी पाणी विचारायच्या आधी त्याचं ओळखपत्र मागितलं. दुसरा आला, त्याच्या मागोमाग ते बसस्टॉपपर्यंत गेले आणि एका झाडाआड उभे राहिले. झाड बारीक होतं, शंकासुर नव्हते. तो मुलगा पुन्हा दिसला नाही.

म्हणून तिसऱ्या वेळी लेकीनं त्यांना आधीच गाठलं.

"बाबा, रविवारी तो आणि त्याची आई चहाला येतायत. तुम्ही त्याला एकही प्रश्न विचारायचा नाही."

"एकही?"

"हा पण प्रश्नच झाला!"

"बरं, पण निदान नोकरी कुठे करतो एवढं तरी..."

"काही नाही! एक जरी प्रश्न विचारलात ना बाबा, तर यापुढे मी कुणालाच घरी आणणार नाही. माझ्या लग्नाचं तुम्हाला बाहेरून कळेल."

हे बोलताना तिचा आवाज कापला. आवाज कधी कापतो हे ओळखण्यात शंकासुरांचा जन्म गेला होता. पोरगी खरं बोलत होती! खरं सांगायचं तर पोर कुणा भलत्याच्या हाती पडेल, या भीतीनंच ते एवढे प्रश्न विचारत. पण हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शब्द दिला. एकही प्रश्न नाही!

शब्द दिला खरा, पण संशयाचं काय करायचं? तो काही शब्द देऊन थांबत नाही. मुलाकडे जायची वाट बंद झाली, तसा तो शोधत शोधत वळला गवताकडे.

चहा अंगणातल्या हिरवळीवर घ्यायचा, असं बायकोनं ठरवलं होतं. पण हिरवळ म्हणावी असं तिथे काही उरलं नव्हतं. गवत गुडघ्याला लागत होतं, कारण माळ्याला शंकासुरांनी काढून टाकलं होतं. तो काम करताना गुणगुणायचा. "माणूस गुणगुणतो म्हणजे त्याला कसला तरी आनंद झालेला असतो. कसला?" असं विचारून शंकासुरांनी त्याचा हिशेब चुकता केला होता.

"दुसरा माळी बघा," बायको म्हणाली.

"आता मशीनच आणतो! मशीन गुणगुणत नाही."

दुकानदार भला माणूस होता, आणि तीच त्याची चूक झाली. अंगण केवढं ते ऐकून त्यानं हाताने ढकलायचं साधं मशीन पुढे केलं.

"एवढ्याशा जागेला हे बास झालं, साहेब. पेट्रोल नको, वायर नको, कटकट नको."

एवढं स्वस्त दाखवतोय? शंकासुरांच्या मनात पाल चुकचुकली. म्हणजे जुना माल खपवायचाय! त्यांनी मान हलवली. मग दुकानदारानं विजेवर चालणारं दाखवलं. "वायर पात्याखाली येऊ नये एवढं मात्र जपायचं." म्हणजे येते! मान पुन्हा हलली. तेवढ्यात त्यांना कोपऱ्यात एक लालभडक, दांडगं पेट्रोलचं मशीन दिसलं.

"ते?"

"ते तुम्हाला नको, साहेब. ते मोठ्या मैदानासाठी. स्वतःच्या चाकांनी पुढे जातं, आवरायला जड."

झालं! दुकानदार जे नको म्हणतो, तेच चांगलं असणार! नक्की स्वतःच्या मेव्हण्यासाठी ठेवलं असेल! शंकासुरांनी तेच घेतलं. दुकानदार बिचारा गाडीपर्यंत मागे येऊन सांगत राहिला, "इंजिन गार असतानाच पेट्रोल भरा, आधी ऑइल बघा, गवतातले दगड वेचा, पहिल्या खेपेला पातं उंच ठेवा, पायांत बूट घाला..." इतकी काळजी? माल विकून झाल्यावर? शंकासुरांना रात्रभर झोप लागली नाही.

रविवारी दुपारी ते अंगणात उतरले. पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, आणि मधे पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, बुटांत खोचलेला. इस्त्रीची पँट पाहुण्यांसाठी राखून ठेवली होती. त्यांनी ऑइल पाहिलं, ते ऑइलच आहे ना याची खात्री केली. दगड वेचले आणि पुरावा म्हणून ओळीने मांडून ठेवले. एवढे दगड आपल्या अंगणात येतात कुठून?

पलीकडच्या कुंपणावरून दातांचे डॉक्टर डोकावत होते. डॉक्टर म्हणजे शंकासुरांचे जुने शेजारी आणि एकमेव उरलेले मित्र. डेलियाची फुलं हा त्यांचा जीव की प्राण.

"नवीन वाटतं?" डॉक्टर म्हणाले.

"का? जुनं दिसतंय?" शंकासुर खेकसले.

मशीनच्या हँडलला दोन पातळ दांड्या होत्या. एक हँडलशी दाबून धरली की इंजिन चालू राहायचं, दुसरी धरली की चाकं आपोआप पुढे पळायची. शंकासुरांनी दोन्ही दांड्या एका हाताने दाबल्या आणि दुसऱ्या हाताने इंजिन सुरू करायची दोरी ओढली. मशीन गरजलं! चार पावलं गेलं! डॉक्टर मागून नक्की काय बघतायत, हे पाहायला शंकासुर गर्रकन वळले, आणि मशीन बंद पडलं.

पुन्हा दोरी. पुन्हा चार पावलं. पुन्हा मागे वळून पाहिलं. पुन्हा बंद! आणि या खेपेला त्यांना स्पष्ट दिसलं, की मशीन थांबलं तेव्हा डॉक्टरांचा हात खिशात होता!

"डॉक्टर! खिशात काय आहे?"

"खिशात? रुमाल आहे. सर्दी झालीय मला."

"दाखवा!"

डॉक्टरांनी रुमाल दाखवला. त्याची अवस्था बघून शंकासुरांनी तपास तिथेच थांबवला, पण मशीन बंद पाडायचा रिमोट दुसऱ्या खिशात असू शकतो हे मनात टिपून ठेवलं. मग त्यांनी दुकानदाराला फोन लावला.

"तुम्ही बंद पडणारं मशीन माझ्या गळ्यात मारलंत!"

"साहेब, दांड्या सोडल्या का?"

"मी कशाला सोडू? मी फक्त मागे वळून बघतो!"

"म्हणजे वळताना हात सुटतो, साहेब. हात सुटला की ते बंद पडणारच. तसं बनवलंयच मुळी. माणूस घसरला, पडला, तर पातं थांबायला नको का?"

शंकासुरांनी फोन ठेवला. डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. म्हणजे माणसाचे दोन्ही हात अडकवून ठेवायचे, आणि त्याला मागे वळून बघताच येऊ नये! काय डाव आहे! काळजीच्या नावाखाली!

आता त्या दांड्या बांधून टाकायला दोरी हवी होती. बायकोकडे मागितली असती तर तिनं "कशाला?" विचारलं असतं, आणि घरात प्रश्न विचारायचा मान एकाच माणसाचा होता. शंकासुरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि सर्रकन पायजम्याची नाडी ओढून काढली. दोन्ही दांड्या हँडलला करकचून बांधल्या. वर निरगाठ मारली. डाव्या हाताने पायजमा धरला आणि उजव्या हाताने इंजिनची दोरी ओढली.

एक हात पायजम्याला, दुसरा दोरीला. आता मशीनला कोण धरणार? हा एकच प्रश्न आयुष्यात त्यांना पडला नाही.

मशीन निघालं! एकटंच! गवतातून सरळ पट्टा पाडत, चहाच्या टेबलाला हूल देत ते कुंपणाकडे धावलं. मागून शंकासुर, एका हाताने पायजमा सांभाळत, दुडक्या चालीने! "थांब! थांब म्हणतो ना!" पण दांड्या करकचून बांधलेल्या मशीनला थांबायचं कसं माहीत असणार? कुंपणाच्या मोडक्या भागातून ते डॉक्टरांच्या बागेत शिरलं.

"माझे डेलिये!" डॉक्टर किंचाळले.

लाल गेले, पिवळे गेले. ज्यांना डॉक्टर पाहुण्यांनासुद्धा हात लावू देत नसत, ते जांभळेही गेले. पार पलीकडच्या दगडी भिंतीला धडकून मशीन अडकलं आणि जागच्या जागी गुरगुरत राहिलं. आवाज ऐकून बायको आणि लेक धावत बाहेर आल्या. आणि त्याच क्षणी फाटकातून एक तरुण आणि एक बाई आत आले. पाहुणे वेळेच्या बरेच आधी आले होते!

नोकरीत असताना शंकासुरही असेच जायचे, ठरल्या वेळेच्या आधी. समोरच्याला तयारी करायला वेळ मिळू नये म्हणून. पण हे आठवायला आत्ता सवड नव्हती. त्यांनी एका हाताने पाहुण्यांना नमस्कार केला आणि मशीनकडे झेपावले.

"काका, समोरून जाऊ नका!" तो तरुण ओरडला. "कुणीही समोर जायचं नाही! मागे व्हा सगळे!"

असा आवाज होता, की शंकासुर खरोखरच मागे झाले. तो मागच्या बाजूने गेला, हँडलजवळ वाकला, गाठीशी झटापट केली. नाडी सुटली, दांड्या उसळल्या आणि मशीन गप्प झालं. मग त्यानं इंजिनवरची वायर उपसून बाजूला केली. "ही काढल्याशिवाय पात्याजवळ हात न्यायचा नाही," तो म्हणाला आणि उभा राहिला. हातात नाडी होती.

तिच्याकडे बघता बघता त्याचे डोळे बारीक झाले.

"ही कुणी बांधली?"

शंकासुरांनी घसा साफ केला. "तसे डॉक्टर बराच वेळ कुंपणापाशी होते..."

"अहो!" डॉक्टर म्हणाले. त्यांच्या हातात जांभळ्या डेलियाचं देठ होतं.

तरुणानं डॉक्टरांकडे पाहिलं. "यांच्या पँटला पट्टा आहे. ही नाडी आहे. कापूस अजून कोमट आहे, म्हणजे नुकतीच काढलेली." मग तो सावकाश शंकासुरांकडे वळला. "काका, तुम्ही नमस्कार एका हाताने केलात. मी आल्यापासून तुमचा डावा हात कमरेवरून हललेला नाही. का?"

आयुष्यभर शंकासुरांनी लोकांना असं उभं केलं होतं. समोर उभं राहिल्यावर कसं वाटतं, हे त्यांना आज कळलं.

"दुसरा हात वर करून दाखवता, काका?"

"नाही!" शंकासुर कळवळून म्हणाले. "ते शक्य नाही!"

"अरे!" मुलाची आई पुढे धावली आणि तिनं त्याच्या दंडाला चिमटा काढला. "तू मला घरून शब्द देऊन निघालास ना? तिच्या बाबांना एकही प्रश्न विचारणार नाही म्हणून? मागच्या खेपेला त्या मुलीच्या मामाला लिफ्टची तपासणी करायला लावलीस, ते स्थळ गेलंच ना!"

मुलगा कानापर्यंत लाल झाला. "सॉरी, काका. कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे मी. अपघात झाला की चूक कुणाची ते शोधायचं, हेच काम. सवय लागलीय." त्यानं नाडीची घडी घातली आणि दोन्ही हातांनी शंकासुरांच्या पुढे धरली. शंकासुरांनी ती एका हाताने घेतली.

लेक बाबांच्या तोंडाकडे बघत होती. आता हे काय बोलतात? आता सगळं मोडतं की काय?

शंकासुरांच्या जिभेवर प्रश्नांची रांग लागली होती. तुम्ही लवकर का आलात? लिफ्टचं काय झालं? ते मामा कोण? त्यांनी सगळे गिळले. ते आत गेले, पँट घालून बाहेर आले आणि पाहुण्यांना म्हणाले, "बसा. चहा घ्या." बायकोच्या हातातून बशी निसटता निसटता राहिली. एवढ्या वर्षांत नवऱ्याची सलग दोन वाक्यं तिनं प्रश्नचिन्हाशिवाय ऐकली नव्हती.

चहा अर्धवट कापलेल्या गवतातच झाला. डॉक्टरांनाही बोलावलं, आणि नवीन रोपं आणून देण्याच्या बोलीवर ते आलेही. मुलाची आई हसतमुख होती. मुलगा मात्र खुर्चीवर टेकण्याआधी तिचे चारही पाय हलवून बघत होता. शंकासुरांनी ते पाहिलं. तेही रोज तेच करायचे.

पाहुणे गेले. लेक येऊन बाबांच्या शेजारी बसली, अगदी हळू आवाजात म्हणाली, "कसा वाटला?"

शंकासुरांना तिला दुखवायचं नव्हतं, पण बाप म्हणून कर्तव्यही होतं.

"मुलगा हुशार आहे," ते म्हणाले. "धीराचा आहे. तुला जपेल. माझी ना नाही." मग आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "पण पोरी, एक गोष्ट आत्ताच नीट विचार करून ठेव हं. मुलगा फार संशयी आहे गं! अशा माणसाबरोबर जन्म काढणं सोपं नसतं."

लेकीनं स्वयंपाकघराच्या दारातल्या आईकडे पाहिलं. आईनं लेकीकडे पाहिलं. मग लेक हसली, बाबांच्या खांद्यावर डोकं टेकवून म्हणाली,

"मला सवय आहे, बाबा."

यात तिला नक्की काय म्हणायचं होतं, याचा शंकासुर अजून तपास करतायत.