पलीकडचा उत्तर देत नाही

तारमास्तरांनी सकाळपासून तिसऱ्यांदा कॉम्प्युटर उघडला, वीजबिलाची आठवण वाचली, गुडघ्याच्या तेलाची जाहिरात वाचली आणि खुर्ची मागे ढकलून जाहीर केलं, "संपलं. आजपासून तो माझा कोणी नाही."

"कोण?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"पलीकडचा."

बायको हात पुसत बाहेर आली. नवऱ्याने आजवर पेपरवाल्याशी, दूधवाल्याशी आणि दोन्ही मेव्हण्यांशी संबंध तोडले होते. त्यात विशेष काही नव्हतं. पण पलीकडच्याशी? तिने गॅस बंद केला.

तारखातं कधीच बंद झालं, तरी गल्लीत त्यांना अजून तारमास्तरच म्हणत. तरुणपणी ते एका गावच्या तार ऑफिसात बसत आणि त्याच तारेच्या दुसऱ्या टोकाला, डोंगरापलीकडच्या गावी, तो बसे. कडकट्ट-कट्ट करत निरोप यायचे-जायचे. किती वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं, पण एकमेकांचा हात ओळखत होते. यंत्रावर हात कसा पडतो त्यावरून कळायचं, आज पलीकडच्याला सर्दी झालीय, आज साहेबाने झापलंय, आज स्वारी खुशीत आहे. दुपारी लाइन रिकामी असली की एक जण कट्ट-कट्ट करून विचारायचा, "जेवलास?" दुसरा कळवायचा, "जेवलो. भाजीत मीठ नव्हतं." पलीकडच्याचं लग्न ठरलं ते तारमास्तरांना त्याच्या आईच्याही आधी कळलं होतं, कारण मुलीने होकार दिला तेव्हा तो ऑफिसात होता आणि आई घरी होती. त्याच लग्नात ते दोघं प्रथम भेटले. मांडवात समोरासमोर उभे राहिले आणि इतके लाजले की बघणाऱ्यांना नवरा-नवरी हेच वाटावेत. तेव्हापासून तारमास्तरांच्या बायकोसाठी तो पलीकडचे भावजी झाला.

पुढे ऑफिसं बंद झाली, तारा उतरवल्या गेल्या. यंत्राच्या कडकडाटाने म्हणा किंवा वयाने म्हणा, दोघांचेही कान गेले. फोनवर बोलायला लागले की एक पावसाबद्दल विचारायचा आणि दुसरा गुडघ्याबद्दल सांगायचा. मग तारमास्तरांच्या मुलीने त्यांना कॉम्प्युटर आणून दिला, मेल करायला शिकवलं, आणि दोघा म्हाताऱ्यांची लाइन पुन्हा सुरू झाली. "जेवलास?" "जेवलो. सुनेच्या हाताला चव आहे, पण तिला सांगू नकोस."

"असं केलं तरी काय भावजींनी?" बायकोने विचारलं.

तारमास्तरांनी पडद्याकडे बोट दाखवलं. पलीकडच्याची शेवटची मेल बरीच जुनी होती. त्यात लिहिलं होतं, "ही गेल्यापासून घर फार मोठं झालंय. मुलगा-सून चांगली आहेत, पण दोघं दिवसभर बाहेर. भिंतींशी किती बोलणार? चार दिवस तुझ्याकडे येऊ का? अडचण असेल तर स्पष्ट सांग."

"मग? तुम्ही काय कळवलंत?"

"काय म्हणजे? त्याच दिवशी कळवलं, चार दिवस कसले, महिनाभर ये. खिडकीजवळची खोली झाडून घेतली. उत्तर नाही. मग विचारलं, कुठल्या बसने येतोस, घ्यायला येतो. उत्तर नाही. मग जरा कडक लिहिलं. उत्तर नाही. मग..."

"मग काय?"

"मग जरा आणखी कडक लिहिलं. मग त्याहूनही कडक."

"अहो, आजारी-बिजारी नसतील ना? त्यांच्या मुलाला तरी फोन करा."

"काय सांगू फोनवर? तुझा बाप रुसलाय, त्याला बोलायला सांग? उत्तर त्याने द्यायचं. मी निरोप पाठवलाय, पोच त्याने द्यायची. खात्याचा नियम आहे."

"खातं बंद पडलं!"

"नियम नाही पडला."

नवऱ्याने घेतलेल्या पवित्र्यापुढे काही चालत नाही हे बायकोला अनुभवाने ठाऊक होतं. तिने शेजारच्या विमावाल्यांना बोलावलं. हे गृहस्थ जन्मभर विमा विकून निवृत्त झाले होते आणि त्यांना येत नाही असं जगात काही नव्हतं. ते आले, खुर्चीत बसले, माऊस दोनदा टेबलावर आपटला आणि म्हणाले, "बघू. शेवटची मेल कुठाय तुमची?"

त्यांनी इकडेतिकडे टिचक्या मारल्या आणि एक कप्पा उघडला. मग ते चष्मा सावरून मोठ्याने वाचू लागले, "आजपासून आपली लाइन बंद. तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी. समोरासमोर गाठ पडली तरी ओळख देणार नाही..." ते थबकले. बायकोकडे पाहिलं. मग फार हळुवार आवाजात तारमास्तरांना म्हणाले, "या वयात कशाला, तारमास्तर? वहिनींना सांभाळून घ्यायचं."

"अहो, ते मित्राला लिहिलंय!"

"हां हां. मित्राला," विमावाले म्हणाले, पण त्यांचा चेहरा काही पूर्ववत झाला नाही. "तरी बरं, गेलेली नाहीये."

"काय?"

"ही बघा ना. ही आउटबॉक्स. म्हणजे पाठवायच्या बाकी असलेल्यांचा कप्पा. ही गेलेली नाही. तिच्या आधीचीही नाही. तिच्याही आधीची..." त्यांनी खाली खाली जात सगळ्यात खालची वाचून दाखवली, "'चार दिवस कसले, महिनाभर ये.' हीसुद्धा नाही. एकही गेलेली नाही, तारमास्तर. येतंय सगळं, जात मात्र काहीच नाही."

जन्मभर दुसऱ्यांचे निरोप बिनचूक पोचवलेल्या माणसाच्या स्वतःच्याच मेल घरातल्या घरात बसून होत्या.

"तुम्हाला काही दिसलं नाही का पाठवताना?" बायकोने विचारलं.

"एक चौकट यायची," तारमास्तर हळूच म्हणाले. "बारीक इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं. खाली बटण होतं, 'ओके'. मला वाटलं, ते यंत्रच ओके म्हणतंय."

बायकोने कपाळाला हात लावला. पण तारमास्तरांच्या डोक्यात एव्हाना दुसराच प्रकाश पडला होता. म्हणजे पलीकडचा रुसलेला नव्हताच. त्याने एवढं मन मोकळं करून, "येऊ का?" म्हणून विचारलं आणि त्याला इकडून हं नाही की चूं नाही. हा माणूस आयुष्यात कोणाकडे पाणीसुद्धा मागून प्यायला नव्हता. आता तो भिंतीकडे बघत बसला असेल आणि म्हणत असेल, विचारलंच कशाला मी.

"आधी हे सुरू करा," ते विमावाल्यांना म्हणाले. "लगेच."

विमावाल्यांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग इंटरनेटचा डबा बंद करून चालू केला. मग तारमास्तरांना म्हणाले, "कंपनीला फोन लावा." कंपनीतल्या बाईंनी खूप वेळ गाणं ऐकवून झाल्यावर विचारलं, "सर, एरर काय येतोय?"

"काय?"

"एरर, सर!"

"केअर? केअर घेतोच आहे मी."

मग बायकोने फोन घेतला. बाईंनी तिला समजावलं, येणाऱ्या मेलची वाट वेगळी असते, जाणाऱ्या मेलची वेगळी, आणि जाणाऱ्या वाटेवरचं काहीतरी बिघडलंय. बायको नवऱ्याच्या कानाशी ओरडली, "येण्याची वाट वेगळी आहे आणि जाण्याची वेगळी!"

विमावाले गंभीरपणे म्हणाले, "खरं आहे. आम्ही विमा विकताना हेच सांगायचो."

शेवटी मुलीलाच फोन लावायचं ठरलं. ती परगावी नोकरीला होती. पण त्याआधी बायकोला एक शहाणपण सुचलं. "अहो, सुरू करण्याआधी त्या रागाच्या मेल पुसून टाका. नाहीतर दुरुस्त झालं की धाडधाड सगळ्याच जातील."

तारमास्तरांचं तोंड उतरलं. लाइन बंद केलेली मेल तर वाईट होतीच, पण तिच्या आधीची त्यांना आठवत होती. तीत त्यांनी लिहिलं होतं, "बायको गेली म्हणून माणसाने दगड व्हायचं नसतं." लिहिताना ते वाक्य बाणेदार वाटलं होतं. आता ते आठवून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"पुसतो," ते म्हणाले. "तू लाव तिला फोन. तोवर मी पुसतो."

इथेच चुकलं. कारण मुलगी हुशार होती आणि घाईत होती. आईने "बाबांच्या मेल जात नाहीयेत" एवढं म्हणताच ती उद्गारली, "अगं आई! माझंच चुकलं. मागच्या खेपेला मी पासवर्ड बदलला ना, तो येणाऱ्या मेलला घातला आणि जाणाऱ्याला घालायचा राहिला. थांब, मी इथूनच करते. बाबांना म्हणावं, माऊसला हात लावू नका."

तारमास्तर तेव्हा बाणेदार वाक्याच्या मेलवर माऊस नेऊन "पुसा"चं बटण शोधत होते. इतक्यात पडद्यावरचा बाण त्यांच्या हातातून निसटून आपोआप चालू लागला.

"अगं, हा पळतोय!"

"पळू द्या. ती करतेय तिकडून," बायको म्हणाली.

"तिला म्हणावं थांब! आधी पुसायच्यात!"

"अगं, बाबा म्हणतायत थांब, आधी..."

"झालंच आई, एक खूण करायची राहिलीय," फोनमधून मुलीचा आवाज आला.

तारमास्तरांनी माऊस उजवीकडे ओढला, मुलीने परगावाहून डावीकडे ओढला. बाण मधल्यामध्ये थरथरला. पण मुलगी तरुण होती. पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकू लागली. तारमास्तर खुर्चीवरून उठले, टेबलाखाली शिरले आणि त्यांनी भिंतीतला प्लग उपटला. चट्‌ असा आवाज आला, करपल्यासारखा वास आला आणि पडदा काळा झाला.

"झालं!" मुलगी आनंदाने म्हणाली. "गेल्या सगळ्या. बाबांना सांग, आता कधीही पाठवा."

बायकोने टेबलाखाली वाकून सांगितलं, "गेल्या म्हणतेय सगळ्या."

"आणि हा कॉम्प्युटर?" तारमास्तरांनी आतूनच विचारलं.

विमावाल्यांनी बटण दाबून पाहिलं, कान लावला, आणि अनुभवी चेहऱ्याने मान हलवली. "हाही गेला."

आता मात्र खरी पंचाईत झाली. बाण सुटला होता आणि धनुष्य जळलं होतं. "ते मागचं वाचू नकोस" असं कळवायलाही काही साधन उरलं नाही, आणि मुलीकडून कळवायचं तर आधी तिला त्या मेल सांगाव्या लागल्या असत्या. दुरुस्तीवाला कॉम्प्युटरची पेटी घेऊन गेला आणि "बघतो" म्हणाला. बायकोने पलीकडच्याच्या मुलाला फोन केला, तर तो कामानिमित्त दौऱ्यावर होता. "बाबा घरीच असतील," तो म्हणाला, "पण आज सकाळपासून फोन उचलत नाहीयेत."

तारमास्तर त्या दिवशी धड जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या खोलीत जाऊन नुसते बसले. दुपारी लाइन रिकामी असायची, त्या वेळेला तर त्यांना बसवेना. "साऱ्या आयुष्यात मी एक शब्द चुकीचा पाठवला नाही गं," ते बायकोला म्हणाले. "आणि पाठवला तो नेमका त्यालाच."

तेवढ्यात दाराची कडी वाजली. बायकोने दार उघडलं आणि ती जागीच उभी राहिली. दारात पलीकडचे भावजी होते. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात छत्री, आणि चेहरा असा की राग आहे की हसू, ते कळेना.

"कुठाय तो?" ते गरजले.

तारमास्तर बाहेर आले. दोघे मांडवात उभे होते तसे समोरासमोर उभे राहिले.

"काय रे," पलीकडचा म्हणाला, "एका सकाळीत एवढ्या मेल? माझ्या पेटीत रांगच लागली होती. पहिली उघडली तर, आजपासून आपली लाइन बंद! मी म्हटलं, मरू दे. दुसरी उघडली तर तीत माझी ही गेल्याचं काढलेलं. फार लागलं मला. फार. पेटी बंदच करणार होतो. पण म्हटलं, बघू आणखी काय गरळ ओकलीय. तर तिसरीत तुझा आवाज जरा खाली आलेला. चौथीत विचारतोयस, कुठल्या बसने येतोस. आणि शेवटचीत..." त्याने बॅग खाली ठेवली. "शेवटचीत म्हणालास, चार दिवस कसले, महिनाभर ये. लगेच बॅग भरली."

तारमास्तरांनी बायकोकडे पाहिलं. दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. नवी मेल वर बसते आणि जुनी खाली. पलीकडच्याने वरून वाचायला सुरुवात केली होती. तारमास्तरांचा राग जसा चढत गेला होता, तसाच त्याला तो पायरीपायरीने उतरताना दिसला होता.

"वहिनी," पलीकडचा बायकोकडे वळून मोठ्याने सांगू लागला, "पूर्वी याचा राग उतरायला आठवडा लागायचा. आता एका सकाळीत भांडला काय, वरमला काय, बोलावलं काय! सुधारलाय बरं का. म्हणून मी माफ केलं त्याला."

"माफ?" तारमास्तरांच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. "अरे लेका, तू ते उलटं..."

बायकोने त्यांच्या पायावर पाय ठेवला आणि चांगला दाबला.

तारमास्तरांनी पलीकडच्याकडे पाहिलं. तो पूर्वीपेक्षा बराच वाळला होता. विचारायच्या आधीच त्याने चपला काढल्या होत्या, छत्री कोपऱ्यात टेकवली होती आणि आता खिडकीजवळच्या खोलीत शिरून, महिनाभर राहायला आलेल्या माणसासारखी बॅग पार पलंगाखाली ढकलत होता.

"काय म्हणालास?" त्याने कानामागे हात धरून विचारलं.

"म्हटलं, जेवलास का?" तारमास्तर ओरडले.

"नाही अजून. आणि हे बघ," पलीकडचा पलंगावर ऐसपैस बसत म्हणाला, "या वेळी सोडलं तुला. पुन्हा असं करायचं नाही."

बायकोचा पाय अजून तारमास्तरांच्या पायावरच होता.

"नाही करणार," ते म्हणाले.