बासष्ट पुडे मीठ

साठेरावांनी मिठाचा डबा निवडला तो केवळ हाताशी होता म्हणून. साखरेचा डबा वरच्या फळीवर होता, तो काढायला स्टूल लागलं असतं, आणि स्टुलावर अप्पा बसले होते. म्हाताऱ्या वडिलांना उठवायचं कशाला, असा सुपुत्राला शोभेल असा विचार करून त्यांनी मीठ घेतलं. एवढंच झालं. पुढे जे काही घडलं त्यात साखरेचा काहीही दोष नाही.

साठेरावांचं आडनाव साठे नव्हे. पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये एकोणीस वर्षं नट, बोल्ट आणि वॉशर मोजल्यामुळे आणि येईल त्याला "साठा किती?" विचारल्यामुळे ते नाव त्यांना चिकटलं. आता तर त्यांचं खरं आडनाव सांगताना बायकोलाही क्षणभर थांबावं लागे.

तर या साठेरावांनी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी डिजिटल सप्लाय चेन मॅनेजमेंटच्या मास्टर्स डिग्रीला नाव घातलं होतं. कारखान्यातल्या प्लॅनिंग विभागाची खुर्ची चार वर्षांनी रिकामी होणार होती आणि तिथे डिग्रीवालाच बसणार, असं मॅनेजरने भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं. त्यासाठी तीन वर्षांचे रविवार साठेरावांनी लॅपटॉपसमोर घालवले. बायकोने आपलं शिवणाचं टेबल खिडकीतून उचलून पॅसेजमध्ये नेलं आणि ती जागा त्यांच्या अभ्यासाला दिली. (पॅसेजमध्ये उजेड कमी. एका गिऱ्हाइकाच्या निळ्या झग्याला तिने हिरवा खिसा लावला, तो तेव्हापासूनच.)

सगळे विषय सुटले, एक सोडून. 'मागणीचा अंदाज आणि साठा नियोजन' या विषयात साठेराव नापास झाले. एकोणीस वर्षं साठाच सांभाळणारा माणूस साठ्याच्या विषयात नापास! ही बातमी त्यांनी घरात तीन दिवस दाबून ठेवली. उत्तरपत्रिकेवर विषय शिकवणाऱ्या मॅडमचा शेरा होता : 'टंचाईचा विचार केलेला नाही.' आता दुसरी आणि शेवटची संधी होती, आणि तीही प्रात्यक्षिकाची. खरीखुरी पुरवठा साखळी घ्यायची, चार आठवडे ती आपोआप चालवायची आणि अहवाल द्यायचा.

कारखान्याच्या मॅनेजरने हात झटकले. "आमच्या पंपांवर प्रयोग नकोत. घरी करा."

तो थट्टेने म्हणाला होता. साठेरावांनी ते डायरीत लिहून घेतलं.

विद्यापीठाच्या किटमधून बशीएवढा चपटा वजनकाटा आला. त्याच्यावर डबा ठेवायचा. दर दोन तासांनी काटा वजन घेणार, मीठ कमी झालं की कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या अॅपवर मागणी आपोआप जाणार. माणसाने बोटही लावायचं नाही. आणि टंचाईचा विचार राहू नये म्हणून साठेरावांनी एक खास नियम घातला : मागणी करूनही काटा शून्यच दाखवत असेल, तर पुढच्या वेळी दुप्पट मागवायचं.

"आणि मी डबा उचलला तर?" बायकोने विचारलं.

"उचल की. पण परत काट्यावरच ठेव."

"शेगडीपाशी ठेवला तर?"

"तर साखळी तुटते."

"मग मी स्वयंपाक करायचा की साखळी सांभाळायची?"

याला पुस्तकात उत्तर नव्हतं. साठेरावांनी काटा पुसून ओट्यावर ठेवला.

पहिले दोन आठवडे डबा जागेवर राहिला, पण साठेराव राहिले नाहीत. जेवताना उठून मोबाइल बघायचे. बायकोने भाजीत चिमूट टाकली की आलेखाचं टोक किंचित खाली यायचं आणि यांच्या काळजात चर्र व्हायचं. "आज जरा जास्त पडलं का?" ते दारातून विचारायचे. ती भाजी ढवळत राहायची. त्या दिवसांत घरात सगळंच थोडं अळणी होत होतं, कारण साठेराव समोर उभे असले की तिचा हात आखडायचा.

तिसऱ्या आठवड्यात कारखान्यात वार्षिक साठामोजणी आली. त्या दिवशी मोबाइल गेटवरच्या कपाटात जमा करावे लागत. साठेरावांनी सकाळी निघताना काट्याकडे तीन वेळा बघितलं, अर्ध्या जिन्यातून परत येऊन चौथ्यांदा बघितलं आणि मग गेले.

ते गेल्यावर पाच मिनिटांनी बायकोने मिठाचा डबा उचलला. एका गिऱ्हाइकाला दोन चादरी गर्द जांभळ्या रंगवून हव्या होत्या, आणि सुती कापडावर रंग नीट चढायचा तर पाण्यात भरपूर मीठ लागतं. तिने बाथरूममधल्या टबात अख्खा डबा पालथा केला, तो तिथेच ठेवला, चादरी भिजत घातल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाची मापं घ्यायला बाहेर पडली.

आठ वाजता काट्याला वजन शून्य दिसलं. दोन पुड्यांची मागणी गेली.

दुकानाच्या माणसाने बेल वाजवली. घरात अप्पा एकटे. अप्पांना बेल वाजलेली फार आवडे; दिवसभरात कोणी तरी आलं याचंच त्यांना अप्रूप. त्यांनी पुडे घेतले, माणसाची विचारपूस केली आणि पुडे आपल्या पलंगाखाली ठेवले. ओटा आपला नाही, तिथे हात लावला तर सून बोलते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दहा वाजता पुन्हा शून्य. चार पुडे. बारा वाजता आठ. अप्पा खूश होते. एरवी महिन्यात होत नाहीत एवढ्या गप्पा त्यांच्या त्या सकाळी झाल्या.

दोन वाजता सोळा पुड्यांची मागणी आली तेव्हा दुकानदार गल्ल्यावरून उठून उभा राहिला. त्याने साठेरावांना फोन लावला. फोन कपाटात वाजत राहिला. समोर वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई ब्रेड घ्यायला उभ्या होत्या.

"नर्सबाई, साठेराव कसलं शिकतात हो?"

"तेच ते, मालाच्या पुरवठ्याचं. कुठे काय कमी पडणार ते आधीच कळतं म्हणे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी मिठाच्या फळीकडे पाहिलं.

नर्सबाईंनी दहा पुडे घेतले. घरी जाताना त्यांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही, फक्त जिन्यात जे जे भेटले त्यांना सांगितली. तीन वाजता फळी रिकामी झाली. चार वाजता बत्तीस पुड्यांची मागणी आल्यावर दुकानदाराची खात्रीच पटली आणि त्याने घाऊक व्यापाऱ्याकडे सहाशे पुड्यांची ऑर्डर टाकली.

पाच वाजता साठेराव गेटवर आले. मोबाइलची बॅटरी संपलेली. वॉचमनने त्यांना बाजूला घेतलं.

"साहेब, मीठ घेऊन ठेवा. टंचाई येतेय."

"कोण म्हणतं?"

"माझी बहीण तुमच्याच भागात राहते. तिथे कोणी तरी मोठा जाणकार आहे, त्याला आतली बातमी लागलीय. सकाळपासून भरतोय म्हणे."

साठेरावांच्या डोळ्यांपुढे मॅडमचा शेरा उभा राहिला. खरीखुरी टंचाई, तीही आपल्याच मालाची, तीही प्रात्यक्षिकाच्या मधोमध, आणि आपल्याला पत्ता नाही! तो जाणकार कोण असेल, याबद्दल त्यांना थोडा हेवाही वाटला. वाटेतल्या दुकानात शेवटचे पाच पुडे होते ते त्यांनी एका बाईच्या हातातून जवळजवळ ओढून घेतले आणि अर्धवट पळत घर गाठलं.

"मीठ घे! टंचाई आहे!" ते दारातूनच ओरडले.

बायको पलंगाशी वाकून उभी होती. "ही टंचाई का?" तिने विचारलं. पलंगाखाली चौदा पुडे ओळीने मांडलेले होते.

"हे कोणी मागवले?"

"तुम्हीच. माणूस तुमचंच नाव घेत होता," अप्पा म्हणाले. "भला माणूस आहे. त्याच्या पाठीला उसण भरलीय."

साठेरावांनी मोबाइल चार्जरला लावला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. पडदा उजळला. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. त्यांनी एकोणीस वर्षांच्या सवयीने बेरीज केली. बासष्ट. तो जाणकार कोण, हे त्यांना कळलं. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. सहाला दोन मिनिटं कमी.

"डबा कुठाय?"

"बाथरूममध्ये."

"मीठ बाथरूममध्ये कशाला?"

"आंघोळीला! अहो, चादरी रंगवल्या."

"सहा वाजता चौसष्ट पुडे जातील!"

त्यांनी धावत जाऊन डबा आणला आणि काट्यावर आदळला. डबा रिकामा. वजन तरीही शून्य. (रिकाम्या डब्याचं वजन वजा करण्याची हुशारी त्यांनीच दाखवली होती.) पुडा फाडायला गेले तर फाटेना. दातांनी फाडला तर एकदम फाटला आणि अर्धं मीठ शर्टाच्या खिशात गेलं. शेवटी बायकोने शिवणाच्या कात्रीने तीन पुडे कापून डब्यात ओतले. घड्याळात सहा वाजले. मोबाइलवर हिरवी खूण आली : 'साठा पुरेसा.'

"पुरेसा!" अप्पा समाधानाने म्हणाले.

खाली दुकानापुढे रांग लागली होती. साठेराव मिठाने पांढरे झालेल्या शर्टानिशी तिथे पोचले आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, "टंचाई नाही! चूक माझी आहे! मीठ भरपूर आहे!"

रांगेने त्यांच्या शर्टाकडे पाहिलं.

"तुमच्याकडे भरपूर असणारच," नर्सबाई म्हणाल्या. "स्वतःचं भरून झालं, आता आम्हाला घरी पाठवताय होय?"

"नाही म्हणतायत म्हणजे नक्कीच आहे टंचाई," मागून कोणी तरी म्हणालं, आणि रांग आणखी घट्ट झाली.

साठेराव सगळं समजावून सांगायला गेले. ते साखळी, काटा, शून्य, दुप्पट असं काहीबाही बोलू लागले, आणि एकेका शब्दागणिक रांगेत माणसं वाढू लागली. तेवढ्यात बायको आली. हात कोपरापर्यंत जांभळे. तिने गल्ल्यावर मिठाचा डबा ठेवला.

"मी चादरी रंगवायला डबा बाथरूममध्ये नेला," ती म्हणाली. "यांच्या मशीनला वाटलं मीठ संपलं. ते दिवसभर मागवत बसलं. बस, एवढंच आहे."

रांगेने डब्याकडे आणि तिच्या हातांकडे पाहिलं. मग पहिल्यांदा नर्सबाई हसल्या, आणि मग हसू शेवटच्या माणसापर्यंत गेलं. रांग पांगली. न हसणारा एकच माणूस होता. दुकानदार.

"साठेराव," तो खोल आवाजात म्हणाला, "उद्या सकाळी सहाशे पुडे येतायत. परत घेत नाहीत. आता या गल्लीत वर्षभर कोणी मीठ घेणार नाही. मी कुठे ठेवू? की मी बाहेर झोपू आणि मीठ आत?"

साठेरावांना जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. बारा वर्षं हा माणूस त्यांच्या घरासाठी न सांगता चांगला माल बाजूला काढून ठेवत होता. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग पिशवीतून मोबाइल काढून ती ज्या रंगकाम कारखान्यातून कापड आणायची तिथे फोन लावला. त्यांना तर कापड रंगवायला मीठ पोत्यांनी लागायचं. चार वाक्यांत व्यवहार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा टेम्पो आला आणि घाऊक व्यापाऱ्याच्या गाडीतून सगळे पुडे थेट त्यात चढले, त्यांच्यामागून पलंगाखालचेही. साठेराव स्वतः ओझी उचलत होते. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात त्यांनी घाबरून आपोआप मागणीच बंद केली. मीठ काय, सगळंच बायको नेहमीसारखं आणू लागली. साठेराव फक्त संध्याकाळी गुपचूप डबा तोलून आकडा लिहीत. अहवालात त्यांनी मात्र काही लपवलं नाही. हातातली चाबकाची मूठ जराशी हलली की दूरवरचं टोक कसं फटकारतं, तशी घरातल्या एका डब्याची हालचाल घाऊक व्यापाऱ्यापर्यंत पोचताना कशी फुगली, हे त्यांनी तासागणिक लिहिलं. फक्त चौथ्या आठवड्याला काय नाव द्यावं हे सुचेना, तेव्हा लाजेकाजेस्तव 'सुधारित पद्धत' असं लिहून दिलं.

तोंडी परीक्षेला मॅडम पडद्यावर आल्या. साठेराव टेबलाखाली पाय हलवत होते. टेबल हलत होतं, लॅपटॉप हलत होता, आणि मॅडमना साठेराव बोटीत बसल्यासारखे दिसत होते.

"तिसरा आठवडा भयानक आहे," मॅडम म्हणाल्या. "पण प्रामाणिक आहे. इतकं चांगलं जिवंत उदाहरण मी अकरा वर्षांत पाहिलं नाही. आणि चौथा आठवडा तर चकित करणारा आहे. ना टंचाई, ना जादा साठा. ही सुधारित पद्धत काय आहे? पायऱ्या सविस्तर लिहून पाठवा, मग गुण देते."

साठेराव वही घेऊन पॅसेजमध्ये शिवणाच्या टेबलापाशी जाऊन बसले. बायको सुईत दोरा ओवत होती.

"सांग."

"काय सांगू? डबा उघडायचा."

साठेरावांनी लिहिलं. "पायरी दोन?"

"आत बघायचं."

"तीन?"

तिने दोरा दातांनी तोडला. "नवऱ्याला मध्ये येऊ द्यायचं नाही."

लिहून, खाली रेघ मारल्यावर साठेरावांना अर्थ लागला. पण पान खराब झालं असतं म्हणून त्यांनी ते तसंच पाठवलं. आठवड्याने निकाल आला. साठेराव पास झाले होते, आणि खाली मॅडमचा शेरा होता : 'तिसऱ्या पायरीसाठी दोन गुण जादा.'