नवव्या पराभवाचा सत्कार

ज्याला एखादी गोष्ट उत्तम करता येते, त्याला ती शिकवताही येते, यावर आपल्याकडच्या सर्व संस्थांचा गाढ विश्वास आहे. (लग्नात उत्तम जेवणाऱ्याला अजून कुणी आचारी नेमलेलं नाही, पण त्या दिशेने प्रयत्न चालू असावेत.)

माधवनगरच्या नवप्रभात फुटबॉल क्लबने याच विश्वासाने इंद्रजितला प्रशिक्षक केलं. इंद्रजित जतकडच्या मेंढपाळाच्या घरातला. दहा वर्षं गोव्यात असा खेळला, की तो टीव्हीवर दिसला की सांगलीभर कपातला चहा गार व्हायचा. गुडघा गेल्यावर तो परतला, तेव्हा क्लबने त्याला मिरज स्टेशनातूनच हार घालून आणला.

त्याची शिकवण्याची पद्धत सुटसुटीत होती. "मोकळं दिसलं की मारायचं." मोकळं कुठं दिसतं, असं खेळाडूंनी विचारलं की तो मैदानाकडे बोट करून म्हणे, "ते काय, दिसतंय की." त्याला खरोखरच दिसत असे.

मोसमाची आकडेवारी अशी: सामने अकरा, पराभव नऊ, बरोबरी एक, विजय एक. (समोरच्या संघाची गाडी तासगावजवळ बंद पडली होती.) शेवटचा सामना रविवारी होता. तो हरला की क्लब ब गटात जाणार. मागच्या खेपेस तिथून वर यायला एकोणीस वर्षं लागली होती आणि ती सगळी चिटणीस गोपाळकृष्णांनी काढली होती. आता ते अडुसष्टचे होते. आणखी एकोणीस मिळवून पाहिल्यावर त्यांना घाम फुटला.

प्रशिक्षकाबद्दल शंका सर्वांनाच होत्या. त्या मांडण्यासाठी रीतसर व्हॉट्सअॅप ग्रुपही होता. क्लबच्या मूळ ग्रुपात त्रेसष्ट सभासद, या दुसऱ्यात बासष्ट. पण एवढ्या मोठ्या खेळाडूला तोंडावर सांगणं बरं दिसत नाही. म्हणून समितीने तोडगा काढला, की प्रत्येक पराभवानंतर त्याचा जाहीर सत्कार करावा. शहाण्या माणसाचे लागोपाठ सत्कार होऊ लागले, की आपल्याला निघायला सांगताहेत हे त्याला कळतं. (गोपाळकृष्णांना त्यांच्या कार्यालयाने असंच कळवलं होतं.)

इंद्रजित निघाला नाही. पाचव्या शालीनंतर त्याच्या आईचा, तानुबाईंचा, निरोप तेवढा आला: "आता शाली बास करा म्हणावं. आमच्यात लोकर घरचीच हाय."

"आज नववी शाल," शुक्रवारी गोपाळकृष्णांच्या पत्नी अनसूयाबाई म्हणाल्या. "तेवढ्यात एक वाक्य बोलून होत नाही तुमच्याच्यानं?"

बोलायचंच, असं ठरवून ते प्रास्ताविकाला उभे राहिले आणि सांगली जिल्ह्यातील फुटबॉलची वाटचाल या विषयावर पंचवीस मिनिटं बोलले.

मग सत्काराला उत्तर द्यायला इंद्रजित उठला.

"तुमच्यातला पप्पू माझा मेव्हणा," तो म्हणाला. "तुमच्या त्या दुसऱ्या ग्रुपवरचं मी रोज त्याच्या फोनात वाचतो. समदं बरोबर हाय. मला खेळाया येतंय, शिकवाया न्हाई येत. आपणहून सोडावं, तर तुमी एवढा मान दिलाय, तुमास्नी वाईट वाटंल. म्हणून लय दिस वाट बघतोय, कुणीतरी तोंडावर सांगंल म्हणून. गोपाळकाका, तुमी काढा मला."

हा पोरगा गोपाळकृष्णांना मनापासून आवडायचा. फक्त 'बरं' एवढं म्हणायचं होतं. क्लब वाचला असता, पोरगाही सुटला असता. तेवढ्यात पहिली टाळी वाजली. ती आपल्याच हातांनी वाजवल्याचं त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं. पाठोपाठ सगळ्यांनी वाजवल्या. एवढा मोठा माणूस आणि किती हा नम्रपणा, असं म्हणत सभेने त्याला एकमताने तीन वर्षांची मुदतवाढ दिली.

रविवारी क्लब चार-शून्यने हरला. सामन्यानंतर इंद्रजित गोपाळकृष्णांशेजारी येऊन बसला. "आवं काका, तुमी तरी सांगायचं की."

"समितीपुढं ठेवतो," ते म्हणाले. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

त्यांनी शब्द पाळला. दहावा सत्कार येत्या गुरुवारी, संध्याकाळी सहाला, विश्रामबागेत. या वेळी प्रमुख पाहुणा बाहेरचा असावा, म्हणजे आपल्याला बोलता येत नाही ते तो स्पष्ट बोलेल, असं समितीने ठरवलं आहे. पाहुण्याला प्रकरणाची खडान्‌खडा माहिती हवी आणि क्लबशी त्याचं देणंघेणं नको. अशी व्यक्ती शोधता शोधता तुमचं नाव नक्की झालं. पत्रिका छापून आल्या आहेत. इंद्रजित पहिल्या रांगेत असेल आणि मोठ्या आशेने तुमच्या तोंडाकडे पाहत असेल. माइक चालू असेल. सुरुवात कशी करायची, ते तुम्हाला येतंच: "खरं म्हणजे, इंद्रजितरावांबद्दल मी काय बोलणार…"