गजभियेंचा पहिला पास

गजभिये टीव्हीवर व्हॉलीबॉल बघतात तेव्हा पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागावर टॉवेल टाकतात. आंघोळीचाच. त्यामुळे नेट दिसत नाही, उंच उडी मारून स्मॅश हाणणारे दिसत नाहीत. दिसतात फक्त अलीकडच्या टीमचे मागे उभे असलेले खेळाडू, त्यांचे वाकलेले गुडघे आणि जोडून धरलेले हात.

"अहो, मग पॉइंट कोणाला मिळाला ते कसं कळतं?" मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं.

"हातावरून कळते ना, ताई! सर्व्हिस घेऊन पहिला पास नीट गेला, म्हणजे पॉइंट आपला. स्मॅश काय, कोणीबी मारते."

"आणि पलीकडची टीम?"

"सेट संपला का बाजू बदलतात. मग ते येतातच इकडं."

आतून वहिनी म्हणाल्या, "टॉवेल टीव्हीवर, माणूस टीव्हीसमोर आणि आंघोळ उद्या!"

लखनौच्या विकास नगरातल्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच, समोरासमोर. गजभिये नागपूरचे, आम्ही सातारचे. शिवाय मी त्यांच्याच सरकारी खात्यात, त्यांच्या शेजारच्या टेबलावर. गजभिये चणीने बुटके, निवृत्तीला आलेले. तरुणपणी खात्याच्या टीमकडून खेळले होते, एवढंच मला ठाऊक होतं. कधी, कुठे, किती, ते काही सांगत नसत.

समोरून आलेली सर्व्हिस कशी घ्यावी, एवढ्या एका विषयावर मात्र ते कितीही बोलत. "आधी पाय!" हे त्यांचं पालुपद. हात नंतर, आधी पाय बॉलखाली पोचले पाहिजेत. माझ्या हातून चहा सांडला की, "पाय कुठं होते, ताई?" साहेबांनी मला चिडून केबिनमध्ये बोलावलं की हळूच म्हणत, "जोरात येऊन राहिली. हात झटकू नका, नुसते धरून ठेवा." खोटं कशाला बोलू, उपयोग व्हायचा.

एकदा सब्जीवाल्या भैयाने गमतीत कोबीचा गड्डा त्यांच्याकडे फेकला. गजभियेंनी तो दोन्ही मनगटांवर घेऊन थेट तराजूत टाकला. तेव्हापासून ते दिसले की भैया ओरडतो, "आइए साहब, सर्विस!" आणि वहिनी टोमॅटोची पिशवी पदराखाली घेतात.

यंदा आमच्या खात्याच्या पुरुष संघाची फायनल लखनौलाच होती. गजभिये रोज ऑफिसच्या आधी सरावाला जात ते फैजानसाठी. फैजान आमच्याच खात्यात कारकून आणि टीमचा लिबेरो. म्हणजे वेगळ्या रंगाची जर्सी घालून फक्त मागच्या रांगेत खेळणारा, सर्व्हिस झेलण्यासाठीच ठेवलेला खेळाडू. फायनलला गजभियेंनी मला आणि वहिनींना जवळजवळ ओढतच नेलं.

शेवटच्या सेटमध्ये गाडी अडली. पलीकडचा डावखुरा गडी तोफेसारख्या सर्व्हिस टाकत होता आणि आमच्या लंबूला बरोबर हेरत होता. लंबू म्हणजे आमचा सगळ्यात उंच स्मॅशर. नेटवर वाघ, पण सर्व्हिस घेताना त्याचे हात दोन दिशांना जायचे.

"सर्व्हिस परत मिळाली तरच सगळे एकेक जागा फिरतात," गजभिये माझ्या कानाशी पुटपुटत होते. "तवर हीच मांडणी. बॉल उचलून देणारा लिफ्टर पुढं, मग स्मॅश मारायला नेटवर उरले दोनच. नेमके इथंच अडकून राहिले, बाप्पा!"

कोचने टाइम-आउट घेतला आणि मागे वळून गजभियेंकडे पाहिलं. ते बाकड्यांमधून वाट काढत खाली गेले.

"फैजान, लंबू की जगह भी तू ले. पास एकदम सही नहीं चाहिए. बस ऊपर रख, बीच में." मग लंबूकडे मान उंच करून, "तू बाजू हट. सिर्फ मारना."

पुढची सर्व्हिस सणसणत आली. फैजानचे पाय आधी सरकले. बॉल उंच उडाला, लिफ्टर त्याच्याखाली धावला, लंबूने हाणला. माझं लंबूकडे लक्षच नव्हतं, मी अजून फैजानचे पाय बघत होते. टीम एक जागा फिरली आणि जीव भांड्यात पडला. सेट जिंकला, कपही जिंकला.

लोकांनी लंबूला खांद्यावर घेतलं. फोटो झाले, लाडू वाटले गेले. गजभिये कुठे दिसेनात. वहिनी म्हणाल्या, "पाहा ना जरा, ताई."

हॉल रिकामा झाला होता. गजभिये कोर्टाच्या मागच्या कोपऱ्यात एकटेच उभे होते.

"मी बरा घेत होतो, ताई," ते आपणहून म्हणाले. "कोणाचीबी सर्व्हिस असो. पण रोटेशन असते ना. फिरत फिरत नेटवर यावंच लागे. नेटवर माझ्या उंचीचा माणूस म्हणजे भिंतीतलं भगदाड. समोरचे तिथूनच मारत. मग कोच मलेच बाहेर काढे." ते हसले. "पुढं लिबेरोचा नियम आला. बुटका चालते, पुढं यावंच लागत नाही. पण तवर माझे गुडघे गेले होते. माझी जागा निघाली, अन् मी नव्हतो."

पायाशी एक बॉल पडला होता, तो मी उचलला.

"टाका एक सर्व्हिस," ते म्हणाले.

शाळेत थ्रोबॉल खेळले होते, तेवढीच माझी पुंजी. मी नेटपलीकडे जाऊन खालून कसाबसा बॉल ढकलला. तो भलतीकडेच गेला, पण गजभिये तिथे आधीच पोचले होते. मनगटांवरून बॉल अलगद उठला आणि नेटजवळ, लिफ्टर जिथे उभा असायला हवा तिथे, रिकाम्या जमिनीवर टप्पा खाऊन पडला.

कपडे बदलून बाहेर पडणारी पोरं दारात थबकली होती. फैजानने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. लिफ्टर नेटपाशी जाऊन उभा राहिला. लंबू बॉल घेऊन पलीकडे गेला आणि त्याने बेताने सर्व्हिस टाकली. गजभियेंचा पास, लिफ्टरचे हात, आणि फैजाननेच उडी मारून बॉल पलीकडे लोटला. सगळे ओरडले.

जुन्या सवयीने गजभिये एक जागा पुढे, नेटकडे निघाले.

"सर, आगे कहाँ?" फैजान म्हणाला. "आप पीछे ही रहिए. आगे हम हैं ना."

गजभिये थांबले. मग मागे गेले, कुरकुरणारे गुडघे वाकवले आणि हात पुढे धरून लंबूला म्हणाले, "अब जोर से मार."