कर्णिकांचा कार्बन रॉड

श्रीनिवास कर्णिकांनी जिताडा मासा खायचं ठरवलं, एवढंच झालं. एखादी गोष्ट खायची ठरवणं हा काही गुन्हा नाही. पण कर्णिक मूळचे पेणचे, राहायला ब्रिस्टलला, आणि नोकरी विमानाच्या कारखान्यात कार्बन फायबरचे भाग तपासण्याची. या तिन्ही गोष्टी एकाच माणसात गोळा झाल्या की काय होतं, ते त्यांच्या बायकोनं, वैजयंतीबाईंनी, १९९२ साली तब्बल सात महिने भोगलं.

त्याचं असं झालं. शेजारच्या केननं समुद्रातून एक बास नावाचा मासा पकडून आणला होता. कर्णिकांनी तो कुंपणावरून पाहिला आणि त्यांना गलबलून आलं. तेच चंदेरी अंग, तोच रुबाब. हा तर आपल्या जिताड्याचा विलायती चुलतभाऊ! कर्णिकांनी जानेवारीतच जाहीर करून टाकलं, की यंदा गटारीला, म्हणजे श्रावण लागायच्या आदल्या संध्याकाळी, तिथल्या मराठी मंडळातल्या आठ जणांना ते स्वतः पकडलेला बास खाऊ घालणार. बाजारचा मासा त्या दिवशी घरात येणार नाही. (ही दुसरी अट त्यांना कुणीही घातली नव्हती.)

"माझा जुना रॉड घेऊन जा," केन म्हणाला. "वीस वर्षं झाली, अजून मासे येतात."

कर्णिक नुसते हसले. ज्या माणसाच्या सहीशिवाय विमानाचा पंख पुढे सरकत नाही, तो माणूस उसनी काठी घेऊन मासे मारणार?

मग सुरू झाली रॉडची निवड. मुलगी बघायलासुद्धा कर्णिकांनी इतका वेळ घेतला नव्हता. (वैजयंतीबाईंना त्यांनी पंचवीस मिनिटांत पसंत केलं होतं, आणि त्यातली दहा पोह्यांत गेली होती.) दर शनिवारी ते मासेमारीच्या सामानाच्या दुकानात जात, सोबत बासमतीची दोन किलोची पिशवी नेत, ती प्रत्येक रॉडच्या टोकाला टांगत आणि रॉड किती वाकतो ते पट्टीनं मोजत. दुकानदार टेरी हा सोशीक माणूस.

"यातल्या कार्बनचे थर किती अंशात घातलेत?" कर्णिकांनी विचारलं.

"सर, यानं मासे पकडतात," टेरी म्हणाला.

"ते झालंच. पण थर?"

मार्चपर्यंत टेरी कर्णिकांची गाडी दिसली की मागच्या खोलीत चहा करायला जायला लागला. एप्रिलात आलेख झाले. मे महिना रीळ निवडण्यात गेला, कारण एकात बेअरिंग पाच आणि दुसऱ्यात सहा. जून खोट्या माशांवर खर्च झाला, म्हणजे खऱ्या माशांना फसवायचे ते लाकडी मासे. शेवटी जुलैच्या पहिल्या आठवड्यात अकरा फुटी, काळाभोर, दुकानातला सर्वांत महागडा रॉड घरी आला. त्या पैशांत पुण्याचं एक तिकीट आलं असतं, हे वैजयंतीबाईंनी एकदाच सांगितलं. ते एकदाच अशा आवाजात सांगितलं, की कर्णिकांना दोन दिवस ऐकू येत होतं.

"अहो, आता माझं ऐका," त्या म्हणाल्या. "गटारीच्या आत या काठीचा मासा माझ्या तव्यावर पडला नाही, तर काठी मंडळाच्या गणपतीला द्यायची. मखराच्या पडद्याला लांब दांडी लागतेच आहे."

"पडद्याला?" कर्णिकांचा चेहरा उतरला. "वैजू, हा हाय मॉड्युलस कार्बन आहे."

"असू दे. पडदा काही बोलणार नाही."

कर्णिकांनी मान्य केलं. करतात काय?

आता घरातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वैजयंतीबाई संकष्टी करतात. पुण्यात चंद्र वेळेवर उगवतो. ब्रिस्टलमध्ये उगवला तरी ढगांमुळे कळत नाही, आणि उन्हाळ्यात तर अकरा अकरा वाजेपर्यंत ताटकळावं लागतं. मोदक अडकून पडतात आणि मोदकांबरोबर कर्णिकही. म्हणून चार वर्षांपूर्वी कर्णिकांनीच शोध लावला: आपल्या घरात सगळ्या तिथी पुण्याच्या घड्याळानं. कॅलेंडरातल्या वेळेतून उन्हाळ्यात साडेचार तास वजा करायचे, हिवाळ्यात साडेपाच. तसा तक्ता त्यांनी ऑफिसात टाइप केला, त्यावर प्लॅस्टिक चढवलं आणि तो फ्रिजवर चिकटवला. चहाच्या वेळेला उपास सुटू लागले. मंडळात तक्त्याच्या झेरॉक्स गेल्या. कर्णिकांचं इतकं कौतुक त्याआधी कधी झालं नव्हतं (त्यानंतरही झालं नाही).

गटारी बुधवारी आली. कर्णिकांनी अर्धी रजा टाकली.

"तिथी बघितलीत ना?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"बघितली. अमावास्या रात्री एक वाजून पाच मिनिटांपर्यंत. भरपूर वेळ आहे."

तक्ता ज्यानं केला त्याला काय सांगायचं, म्हणून त्या मसाल्याची तयारी करायला गेल्या.

समुद्रकाठी, क्लीव्हडनच्या खडकांवर अमावास्येचं उधाण चढत होतं. शेजारी केन आपला वीस वर्षांचा रॉड घेऊन गुमान बसला होता. आणि खरंच सांगतो, सात वाजून वीस मिनिटांनी कर्णिकांचा रॉड वाकला. असा वाकला, की सहा महिन्यांच्या बासमतीचं सार्थक झालं. पंधरा मिनिटांच्या झटापटीनंतर सहा पौंडांचा बास खडकावर येऊन पडला. कर्णिकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिथून गाडीनं घर अर्ध्या तासावर. दुसरा कुणीही मासा उचलून निघाला असता. कर्णिकांनी आधी मासा मोजला, तीनदा. मग वजन, मग रॉड किती वाकला त्याची वहीत नोंद, मग केनकडून चार फोटो, त्यातल्या एकात फक्त रॉड.

आठ वाजून बेचाळीस मिनिटांनी ते मासा दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरात शिरले. सिंकमध्ये तवा घासून उपडा घातलेला होता. मंडळाचे सेक्रेटरी हरीश चित्रे बडीशेप चघळत होते.

"वैजू, मसाला लाव," कर्णिक म्हणाले.

"श्रावण लागला."

"कसा लागेल? एक वाजून पाच!"

वैजयंतीबाईंनी फ्रिजकडे बोट केलं. कर्णिकांनी तक्ता वाचला. एकमधून साडेचार गेले. पुन्हा वाचला. आठ पस्तीसच आले.

"सात मिनिटांसाठी?" ते कळवळून म्हणाले. "हा तक्ता मीच केलाय."

"म्हणून तर बरोबर आहे. मी आठपर्यंत मसाला वाटून बसले होते. शेवटी पोरांचे फिश फिंगर्स तळले, सगळ्यांना दोन-दोन आले."

"झकास झाले होते," चित्रे म्हणाले. "आणि वेळेत."

मासा कुंपणावरून केनकडे गेला. केननं तो बटाट्यांबरोबर उकडला आणि वर मीठ टाकलं. ना चिंच, ना आलं-लसूण. त्याचा वास आला तेव्हा कर्णिक खिडकी लावून वरणभात जेवत होते.

ठरल्याप्रमाणे रॉड मंडळात गेला. गणपतीत त्यावर दहा मीटर मखमलीचा चुण्याचुण्यांचा पडदा टांगला, आणि दहाही दिवस तो मधोमध बोटभरसुद्धा झुकला नाही. येणारा जाणारा दांडीकडे बघून मान डोलवत होता. कर्णिकांनी दोघातिघांना थर किती अंशात आहेत तेही सांगितलं.

विसर्जनानंतरच्या सभेचं इतिवृत्त चित्र्यांनी घरोघरी पाठवलं. त्यात शेवटी लिहिलं होतं: 'पडद्यासाठी योग्य दांडी निवडण्याकरिता सलग सात महिने अभ्यास केल्याबद्दल श्री. कर्णिक यांचे आभार. पुढील वर्षी मंडळाला पायपुसणं घ्यायचं आहे. त्यांनी आत्तापासून सुरुवात करावी.'