गुरुवारची गवळण

मंडळातल्या पूर्णिमाच्या गवळणीचा व्हिडिओ मंदाकिनीबाई नेहमी नवऱ्याच्या, यशवंतरावांच्या मोबाइलवर बघत, स्वतःच्या नाही. त्याला कारण होतं. व्हॉट्सअॅपवर स्टेटस टाकलं की ते कोणी कोणी पाहिलं त्यांची नावं टाकणाऱ्याला दिसतात, हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा व्हिडिओचंही तसंच असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. पूर्णिमाला आपलं नाव दिसता कामा नये. यशवंतरावांचं दिसलं तर दिसू दे. रेल्वेतून रिटायर झालेल्या माणसाला दुसरं काम तरी काय असतं?

"अहो, तुमचा मोबाइल द्या जरा."

"पुन्हा तीच गवळण? मले आता झोपेतही ऐकू येते ती."

"बघून नाही राहिली मी. अभ्यास करून राहिली."

अभ्यासाची गरज पडली होती खरी. त्या हिंदी मुलखातल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात स्थापनेची आरती झाली की पहिलं पद मंदाकिनीबाईंचं, हे इतक्या वर्षांपासून चालत आलं होतं की बायका त्यांचा आवाज लागला की प्रसादाच्या रांगेच्या दिशेनं सरकायला लागत. यंदा मात्र अध्यक्षाबाईंनी मोठा पडदा लावायचं ठरवलं. ज्यांना गायचं त्यांनी आपापला व्हिडिओ करून शुक्रवारपर्यंत पाठवावा, एकच निवडू आणि तोच आरतीनंतर दाखवू. हे सुचलं कशावरून, तर पूर्णिमाच्या व्हिडिओवरून. निळी साडी, तळ्याचा काठ, वाऱ्यावर उडणारा पदर, हात वर केला की भुर्रकन उडणारी कबुतरं. अख्खं मंडळ त्या कबुतरांवर खूश होतं. गाण्याबद्दल कोणी बोलतच नव्हतं, हीच मंदाकिनीबाईंची तक्रार होती.

"मी काही जळून नाही राहिली," त्या देवापुढं वात सारताना म्हणाल्या. देवानं काही विचारलं नव्हतं.

मग त्यांनी आणखीही व्हिडिओ पाहिले. कुठं बाई खांबाला हात लावून गोल फिरते, कुठं फूल सोडते, कुठं एकदम आभाळाकडं बघते. पण फिरून फिरून त्या पूर्णिमाच्याच गवळणीवर येत. तिची प्रत्येक जागा, प्रत्येक श्वास त्यांना पाठ झाला. त्यातून त्यांचा बेत ठरला. पूर्णिमाची साडी निळी, तर आपली पंडरीच्या कापडबाजारातून आणलेली त्याहून गडद निळी. तिच्या हातात पितळेची समई, तर आपल्या हातात गोल बाजारातलं पितळेचं मोठं पातेलं, त्यात उकडीचे मोदक. कारण आपलं पद गजाननाचं, आपण स्वतः रचलेलं आणि स्टुडिओत जाऊन रीतसर रेकॉर्ड केलेलं. तलाव मात्र तोच, तेलीबांध्याचा. कबुतरंही तीच.

लग्नांचे व्हिडिओ काढणारा लोकेश भैया तयार झाला, पण त्याला गुरुवारीच सवड होती. गुरुवारी मंदाकिनीबाईंचं मौन असे. सकाळी उठल्यापासून संध्याकाळी दिवा लागेपर्यंत शब्द नाही. घरात कुकरची शिट्टी बिघडली, यशवंतराव न्हाणीघरात घसरले, तरी त्यांनी ते कधी मोडलं नव्हतं.

त्यांनी बराच विचार केला. गाणं तर आधीच रेकॉर्ड झालेलं. आपण नुसते ओठ हलवायचे. जपातही ओठ हलतातच की. व्रत आवाजाचं आहे, ओठांचं नाही. तरी मनाच्या समाधानासाठी त्यांनी यशवंतरावांना विचारून घेतलं.

"माझं काय," ते म्हणाले, "मले तर रोज गुरुवार असला तरी चालते."

गुरुवारी सकाळी तलावावर पोचले तर हवा अजिबात नाही. पदर भिजल्यासारखा अंगाला चिकटलेला. मंदाकिनीबाईंनी पदराकडं बोट दाखवलं, मग आभाळाकडं, मग यशवंतरावांकडं. लोकेशनं गाडीतून एक मोठा पुठ्ठा काढला आणि त्यांच्या हातात दिला. "काकाजी, आप बेंच के पीछे बैठ के हवा मारिए. फ्रेम में मत आइएगा."

यशवंतराव गुडघे धरत बेंचाच्या मागं बसले. बसण्याआधी त्यांनी काठावर तांदूळ पसरले, त्याबरोबर कबुतरं जमा झाली. सकाळी फिरायला आलेली माणसंही जमा झाली. गाणं यशवंतरावांच्या मोबाइलमध्ये होतं आणि मोबाइल लोकेशच्या स्पीकरला जोडलेला. चष्मा गाडीत राहिला होता. पण त्याला चष्मा कशाला, असं त्यांना वाटलं. सगळ्यात वर जे असेल ते दाबायचं.

मोबाइलमध्ये सगळ्यात वर तेच असतं जे दिवसभर वाजतं.

बासरीचा पहिला सूर निघाला आणि मंदाकिनीबाईंनी चमकून स्पीकरकडं पाहिलं. ही बासरी त्यांची नव्हती. गजाननाच्या पदाला त्यांनी मृदंग घेतला होता. पुढच्या क्षणी पूर्णिमाचा आवाज तलावभर पसरला. वाट अडवून उभ्या राहिलेल्या कान्ह्याला गौळण म्हणत होती, सोड, जाऊ दे, माझ्या वाटेला येऊ नको.

आणि मंदाकिनीबाईंचे ओठ हलायला लागले. त्यांनी ठरवून हलवले नव्हते. इतक्या दिवसांच्या अभ्यासानं ते आपोआप त्या शब्दांवर, त्या श्वासावर चालू लागले.

बंद करा, असं सांगावं तर मौन. त्यांनी मोकळा हात यशवंतरावांच्या दिशेनं जोरजोरात हलवला. यशवंतरावांना बेंचाच्या फटीतून तेवढा हातच दिसला. हवा कमी पडते आहे, असं समजून त्यांनी पुठ्ठा दोन्ही हातांनी धरला आणि असा वारा घातला की पदर सरळ मागं उडाला आणि सगळी कबुतरं एकदम उठली. मंदाकिनीबाईंनी डोळे वटारले. मान हलवली, नको, नको. पाय आपटला. त्याच वेळी गौळणही कान्ह्याला नको म्हणत पाय आपटत होती.

"बहुत बढ़िया काकीजी," लोकेश कॅमेऱ्यामागून म्हणाला. त्याला मराठी गाण्यातलं काही कळत नव्हतं, चेहऱ्यातलं मात्र कळत होतं. "यही गुस्सा रखिए."

त्यांनी तोच राग ठेवला. दुसरा त्यांच्याजवळ नव्हताच.

गाणं संपलं तेव्हा माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांतून वाट काढत पायात बूट घातलेली आणि हातात पाण्याची बाटली घेतलेली पूर्णिमा पुढं आली. ती रोज सकाळी इथंच फिरायला यायची, हे मंदाकिनीबाई अभ्यासाच्या नादात विसरल्या होत्या. पूर्णिमाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ताई, माझ्या गवळणीवर तुम्ही व्हिडिओ करून राहिल्या?" तिनं त्यांचा हात धरला. "अन् मी काय समजत होती तुमच्याबद्दल. मले वाटे, ताई माझ्यावर जळते."

मंदाकिनीबाईंनी तोंड उघडलं. मग गुरुवार आठवला आणि मिटलं.

"किती शब्द पाठ आहेत तुम्हाले," पूर्णिमा म्हणाली. "मी स्वतः दोन ठिकाणी चुकली होती. तुम्ही नाही चुकल्या. अन् हे लोणी पण आणलं पातेल्यात."

मोदकांकडं बघून मंदाकिनीबाईंनी मान हलवली. ती नाही म्हणून हलवली होती, पण विनयानं हलवल्यासारखी दिसली. तोवर पूर्णिमानं दोघींचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकलाही होता. तांदूळ संपले होते, ऊन चढलं होतं, आणि लोकेशला भिलाईला एका बारशाला जायचं होतं. बेंचामागून यशवंतराव कंबर धरून उठले आणि पुरेसं झालं का, म्हणून विचारू लागले.

दिवसभर घरातला फोन वाजत राहिला. अध्यक्षाबाईंनी यशवंतरावांना सांगितलं की असं मोठं मन मंडळात आजवर कोणी दाखवलं नाही, दुसऱ्या कुणाचे व्हिडिओ बघायचीही आता गरज नाही, हाच पडद्यावर दाखवायचा. आवाज पूर्णिमाचा, चेहरा मंदाकिनीताईंचा. संध्याकाळी दिवा लागला. यशवंतराव समोर येऊन बसले.

"सांग आता. सकाळपासून काय सांगून राहिली होतीस?"

मंदाकिनीबाईंनी समईकडं पाहिलं. खरं सांगायचं म्हणजे अभ्यास सांगावा लागणार, आणि अभ्यास सांगायचा म्हणजे जळणं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "हवा छान घातली तुम्ही." मग देवापुढं जाऊन त्यांनी मोठ्या मनाबद्दल क्षमा मागितली.

स्थापनेच्या दिवशी आरती झाली, दिवे मंद झाले, पडदा उजळला. मंदाकिनीबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी पूर्णिमा. पडद्यावर पदर उडाला, कबुतरं उठली, गौळण कान्ह्यावर अशी चिडली की मागून कोणीतरी म्हणालं, राग करावा तर असा. प्रसादाच्या रांगेकडं कोणी सरकलं नाही. सगळ्या बायका वळून वळून मंदाकिनीबाईंकडं बघत होत्या. गाण्याबद्दल कोणी बोलतच नव्हतं.

हे पूर्णिमाच्याही लक्षात आलं असावं. ती आधी हसत होती, मग नुसती बघत होती, मग तिनं ओठ मुडपले.

"आवाज तर माझाच आहे," ती हळूच म्हणाली.

मंदाकिनीबाईंनी प्रेमानं मान डोलावली.

थोडा वेळ गेला. पूर्णिमा आणखी जवळ सरकली. "ताई, मी म्हटलं दिवाळीला एक नवीन करावं. लोकेशकडून घेऊन तुमचाच व्हिडिओ बघून राहिली दोन दिवसांपासून. ते रागाचं कसं जमवलं हो तुम्ही? अन् एवढा वारा? त्या दिवशी तर पानही हलत नव्हतं."

मंदाकिनीबाई तिच्याकडं वळल्या, मायेनं हसल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. मौन आहे, अशी खूण केली.

स्थापनेचा तो दिवस गुरुवार नव्हता.